सुनीताच्या सांदवाडीतली माती

नोकरीतल्या पहिल्याच दिवाळीला मी बेसनाचे लाडू करून आरोग्य केंद्रात नेले होते. नर्सबाईंचा त्या दिवशी उपास निघाला. औषधं देणाऱ्या भाऊंचं पोट बिघडलं होतं. शिपायाने दोन लाडू कागदात गुंडाळून घेतले आणि दुपारी ते मला मागच्या आवारात कावळ्यांपुढे पडलेले दिसले. मला राग आला नाही. सकाळीच त्या तिघांनी मला काडेपेटीतून कोणाच्या तरी लेकराची शी काडीने उचलताना पाहिलं होतं. ते हात मी साबणाने तीनदा धुते हे त्यांनी पाहिलेलं नव्हतं, आणि पाहिलं असतं तरी फरक पडला नसता. पुढच्या तीस वर्षांत मी केंद्रात खायला काही नेलं नाही. चहाच्या ट्रेमध्ये हिरव्या काठाचा कप माझा असे, बाकीचे कप सगळ्यांचे.

मी प्रयोगशाळा तंत्रज्ञ होते. गावोगावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात एक छोटी खोली असते, तिच्यात खिडकीशी एक टेबल, टेबलावर सूक्ष्मदर्शक, आणि त्याला डोळे लावून बसलेलं एक माणूस. ते माणूस मी. आमच्या गोंदिया जिल्ह्यात हिवतापाचा जोर, त्यामुळे दिवसाचं निम्मं काम रक्ताच्या काचा बघण्याचं. उरलेल्या वेळात थुंकी, लघवी आणि कधीमधी शौच. माणसं खिडकीतून डबी आत सरकवत आणि लांब जाऊन उभी राहत. मी चिठ्ठी लिहून खिडकीतून बाहेर देई. कित्येक पेशंटांना माझा हात ओळखीचा होता, तोंड नव्हतं. मूळची मी अमरावतीची, लग्न केलं नाही, आणि गोरेगाव तालुक्यातल्या त्या शेवटच्या केंद्रात चौदा वर्षं राहिले. गावाचं नाव मुद्दामच लिहीत नाही. पुढे वाचाल तेव्हा कारण कळेल.

गमतीची माणसंही भेटत. गोंदियाचे एक कापडवाले शेटजी सासुरवाडीला आले असताना नातवाचा नमुना घेऊन आले. डबी उघडली तर गुलाबाच्या अत्तराचा घमघमाट. मी विचारलं, हे काय? ते म्हणाले, “मॅडम, आपको तकलीफ ना हो इसलिए थोडा डाल दिया.” नमुना वाया गेला, पण आयुष्यात माझ्या तकलिफीचा विचार करून नमुना आणणारा तो एकच माणूस. एका गुरुजींनी बाटलीत गांडूळ आणलं आणि ते मुलाच्या पोटातून पडलं असा हट्ट धरला. जंत आणि गांडूळ दिसायला जवळचेच. गांडुळाच्या अंगावर कड्या असतात, जंत गुळगुळीत, दोन्ही टोकांना निमुळता, फिकट गुलाबी. गुरुजींना मी भिंग दिलं, कड्या मोजा म्हटलं. मोजून झाल्यावर ते बाटली घेऊन गेले.

जंताचं सांगते, कारण बाकीची गोष्ट त्याच्यावरच उभी आहे. मोठा गोल जंत वीतभर वाढतो आणि लेकराच्या लहान आतड्यात राहतो. मादी रोज हजारोंनी अंडी घालते, ती शौचातून बाहेर पडतात. काचेवर मिठाचं पाणी आणि आयोडीनचा थेंब टाकून पाहिलं की ती सोनेरी तपकिरी दिसतात, कडेने सीताफळासारखी उंचवट्यांची. इतकी देखणी की पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला त्यांची किळस येईना. ताजं अंडं कोणाला काही करत नाही. ते ओल्या, ऊबदार मातीत दोनतीन आठवडे पडलं की आत अळी तयार होते. मग ते नखात जातं, कच्च्या भाजीबरोबर जातं, मातीत खेळलेल्या हाताने तोंडात जातं. अळी आतड्यातून रक्तात, रक्तातून फुफ्फुसात, खोकल्याबरोबर घशात आणि गिळली की पुन्हा आतड्यात. गोळीने पोटातले जंत मरतात. मातीतल्या अंड्यांना गोळी कोण देणार? भाताच्या मुलखात माती वर्षातले कितीतरी महिने ओली असते.

सुनीता पहिल्यांदा आली तेव्हा तिची मुलगी पल्लवी पाच वर्षांची होती. दोघींची ही नावं मी बदललेली आहेत. सुनीताचा नवरा ठेक्याने घेतलेल्या बांध्यांत, म्हणजे भातखाचरांत, धान लावायचा आणि ती घरामागच्या सांदवाडीत, म्हणजे परसात, भाजी काढून गावच्या बाजारात विकायची. मेथी, पालक, मुळा आणि सांभार. कोथिंबिरीला इकडे सांभार म्हणतात. तिच्या सांभाराची जुडी दाट आणि हिरवीगार असे. मीही घेत असे. पल्लवीचे हातपाय काटकुळे आणि पोट पुढे आलेलं. काचेवर पाहिलं तर जिकडेतिकडे अंडीच अंडी. मी चिठ्ठी लिहिली. लिहिता लिहिता पोरीची मातीने भरलेली नखं दिसली, तर सुनीताला दोन शब्द सुनावलेही. लेकरू दिवसभर मातीत बसतं, तू लक्ष देत नाहीस, उघड्यावर नेत असशील. ती हळूच म्हणाली, “घरी संडास हाय जी मॅडम. आमी बाहेर नाही जात.” मी विश्वास ठेवला नाही. असं सगळेच सांगत. संडास बांधलेला असे आणि त्यात भाताची तणस भरलेली असे, हे मी इतक्यांदा ऐकलं होतं की एका बाईचं खरं बोलणं मला ओळखू आलं नाही.

डॉक्टरांनी गोळी दिली. सहा महिन्यांनी पल्लवी पुन्हा आली, पुन्हा तेवढीच अंडी. पुन्हा गोळी. शाळेत जाऊ लागल्यावर तिथेही वर्षातून दोनदा गोळी मिळत होती. आणखी वर्षभराने तिसरी काच, तीच गत. त्या वेळी मला खटकलं होतं, हे कबूल करते. एवढ्या गोळ्या घेऊन हे पोट दर वेळी इतकं भरतं कसं, हा प्रश्न माझ्या मनात आला आणि गेला. घरोघर जाणं हे माझं काम नव्हतं. माझं काम खिडकीच्या आत होतं. मी चिठ्ठी दिली आणि पुढची डबी उचलली.

मग एका सकाळी सुनीताच्या नवऱ्याने पल्लवीला मोटारसायकलवरून आणलं. तो, मधे पोर, मागे सुनीता. पोरीचं पोट नगाऱ्यासारखं ताठ होतं, दोन दिवसांत शी झाली नव्हती, आणि ओकारी हिरवी पडत होती. केंद्राच्या व्हरांड्यातच ती पुन्हा ओकली आणि त्या ओकारीत वीतभर जंत निघाला, जिवंत. बाकावर बसलेली माणसं उठून अंगणात गेली. डॉक्टर नवीन होते, तरुण होते, पण हुशार होते. त्यांनी पोटाला हात लावला आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की जंतांचा गुंता होऊन आतडं तुंबलंय, ताबडतोब गोंदियाला न्यावं लागेल, कदाचित पोट उघडावं लागेल. नर्सबाई लसीकरणाला गेल्या होत्या. रुग्णवाहिकेत कोणीतरी बसायला हवं होतं. मी म्हटलं, मी जाते. डॉक्टरांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मलाही माझा आवाज नवा वाटला.

त्या प्रवासात पल्लवीचं डोकं सुनीताच्या मांडीवर आणि पाय माझ्या मांडीवर होते. किती वर्षांत कोणाच्या लेकराने असे पाय माझ्या अंगावर टाकले नव्हते. कळ ओसरली की ती डोळे उघडायची. एकदा तिने मला विचारलं, “मॅडम, माह्या पोटात साप हायेत का?”

मी म्हटलं, साप नाहीत, जंत आहेत.

“ते मले खाऊन राहिले का?”

“तुला नाही. तू जे खातेस ते खातात.”

तिने थोडा विचार केला आणि डोळे मिटले. मग सुनीता बोलली. सकाळपासून पहिल्यांदाच. माझ्याकडे न बघता, पोरीच्या कपाळावरचा घाम पुसत म्हणाली, “तुमी तीनदा पाह्यलं जी. तीनदा सांगतलं का जंत हायेत. ते येतेत कुठून, हे कोणीच नाही सांगतलं.”

मी पोरीचे पाय माझ्या मांडीवर नीट घेतले.

गोंदियाच्या दवाखान्यात पल्लवीच्या नाकातून नळी घातली, सलाइन लावलं, तोंडाने पाणीसुद्धा बंद केलं. सर्जन म्हणाले, दोन दिवस वाट बघू, गुंता आपोआप सुटला तर चिरायला नको. मी संध्याकाळच्या बसने परत आले, पण दुसऱ्या दिवशी रजा टाकून पुन्हा गेले. कोणी बोलावलं नव्हतं. खाटेजवळच्या स्टुलावर बसून राहिले. तिसऱ्या सकाळी पोट मऊ पडलं. नंतर औषध दिलं तेव्हा जे पडलं ते वॉर्डातल्या आया एकमेकींना बोलावून दाखवत होत्या. सुनीताने ते पाहिलं नाही. ती भिंतीकडे तोंड करून रडत होती.

पल्लवी घरी आल्यावरच्या रविवारी मी सुनीताच्या घरी गेले. गावात इतकी वर्षं राहून कोणाच्या सांदवाडीत पाऊल टाकण्याची ती माझी पहिली वेळ. संडास होता. गुलाबी रंग दिलेला, आत फरशी, पाण्याची बादली, सारं लख्ख. रोज वापरातला. मी तिला खोटं ठरवलं होतं. मागे त्याचा एकच खड्डा, वर सिमेंटचं झाकण, झाकणाला कडेने भेग. मी सुनीताच्या नवऱ्याला विचारलं, पावसाळ्यात काय होतं? तो सरळ माणूस. म्हणाला, बांध्या भरल्या की जमिनीतलं पाणी वर येतं, खड्डा तुडुंब होतो आणि थोडंफार बाहेर वाहतं. वाहतं कुठे? त्याने बोट दाखवलं. उतार भाजीच्या वाफ्यांकडे होता. सुनीता तिथेच बसून निंदण करायची आणि पल्लवी शेजारी बसून मुळे उपटायची, आईच्या पदराला पुसून खायची.

मी चार डब्यांत चार जागची माती घेतली. सुनीताला तेव्हाच समजलं असावं. ती दारापर्यंत माझ्यामागे आली आणि म्हणाली, “काही निंगलं तं कोणाले सांगू नका जी. माही भाजी कोणी घेणार नाही.” मी मान हलवली. तिला ते वचन वाटलं, मला फक्त ऐकल्याची खूण.

मातीतली अंडी शोधायची एक साधी युक्ती आहे. माती धुऊन गाळायची, मग मीठ विरघळायचं थांबेल इतक्या खारट पाण्यात ती ढवळून उभ्या नळीत ठेवायची. माती खाली बसते, अंडी हलकी म्हणून वर तरंगतात आणि नळीच्या तोंडावर ठेवलेल्या पातळ काचेला चिकटतात. शिकताना एकदा केली होती, नोकरीत कोणी सांगितली नव्हती. सोमवारी दुपारी पेशंट संपल्यावर मी ती काच लावली. संडासाजवळच्या मातीत अंडी होती. वाफ्यातल्या मातीतही होती. आणि त्यातल्या एका अंड्यात वेटोळं करून बसलेली अळी हलत होती.

खरं सांगते, त्या क्षणी मला आनंद झाला. इतके दिवस जो प्रश्न होता त्याचं उत्तर माझ्या डोळ्यांसमोर हलत होतं आणि ते मी, एकटीने, कोणी न सांगता काढलं होतं. मी मान वर करून पाहिलं. खोलीत कोणी नव्हतं. व्हरांड्यात शिपाई पेपर वाचत होता. मी त्याला हाक मारली नाही. पुन्हा डोळा लावला आणि ती अळी थकेपर्यंत, नाहीतर मी थकेपर्यंत, बघत बसले.

मग सुनीताचं बोलणं आठवलं. ती भाजी गावातली दीडेकशे घरं खात होती. मीसुद्धा खात होते. दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. आजही वाटतं, सांगायलाच हवं होतं. पण सांगण्याआधी मी तिच्या घरी जाऊन, बस, ऐक, मला हे सांगावं लागणार आहे, असं म्हणायला हवं होतं. चार पावलांवर घर होतं. मी गेले नाही. तिच्या तोंडाकडे बघायची भीती वाटली, म्हणून नियमाच्या मागे लपले.

डॉक्टरांनी काम नेमकं केलं. त्या ओळीतले सगळे खड्डे तपासले तर आणखी पाच घरांचे तसेच निघाले. ग्रामसेवकांना बोलावून प्रत्येकाला उंचावर दुसरा खड्डा करायला लावला, भेगा बुजवल्या, उतार फिरवले. भाजी शिजवून खा, मुळा-गाजर सोलून खा, नखं कापा, लेकरांच्या पायात चप्पल घाला, हे आशाताई घरोघर सांगत फिरल्या. सगळ्या लेकरांना गोळ्या दिल्या. पुढच्या वर्षभरात माझ्या काचांवरची अंडी कमी होत गेली ती मी स्वतः पाहिली. तालुक्याच्या बैठकीत आमच्या केंद्राचं कौतुक झालं, मला एक कागदही मिळाला, त्यावर माझं आडनाव चुकलेलं होतं.

पण गावाने त्यातलं ऐकलं एवढंच, की सुनीताच्या भाजीत जंत निघाले. बाकीच्या पाच घरांची नावं कोणी घेतली नाहीत, कारण ती घरं भाजी विकत नव्हती. पुढच्या बाजाराला मी गेले. सुनीता नेहमीच्या जागी पोतं अंथरून बसली होती. जुड्या रचलेल्या, पाणी शिंपडलेलं. माणसं तिच्यासमोरून जाताना वळसा घेत होती. तो वळसा मी ओळखला, माझ्या खिडकीसमोरून जाताना घेतात तसाच होता. मी जाऊन सांभाराच्या दोन जुड्या उचलल्या. तिने त्या माझ्या हातातून काढून परत ढिगावर ठेवल्या. म्हणाली, “तुमचं काम झालं जी. माहं गेलं.”

त्यानंतर ती तिथे बसली नाही. पहाटेच्या एसटीने टोपली घेऊन गोरेगावच्या बाजाराला जाऊ लागली, जिथे तिला कोणी ओळखत नव्हतं. रस्त्यात समोर आली तर मान वळवायची. पल्लवी मात्र शाळेतून येताना माझ्या खिडकीशी थांबायची, कधी माझ्या सूक्ष्मदर्शकाच्या काचेवर श्वास सोडायची, मग आठवल्यासारखं करून पळून जायची. तिला घरी ताकीद असावी. तिचं पोट बसलं होतं, गाल भरले होते. ती गेली की मी काच पुसायचे आणि कामाला लागायचे.

माझ्या निवृत्तीला महिना राहिला असेल. दुपारची वेळ, व्हरांडा रिकामा. सुनीता आली आणि खिडकीशी न थांबता सरळ खोलीत आली. तिने टेबलावर तीन डब्या ठेवल्या. एक पल्लवीची, दोन मातीच्या. म्हणाली, “पाहा जी.”

मी म्हटलं, वेळ लागेल. ती खाली भिंतीला टेकून बसली. माझ्या खोलीत कोणी असं बसलेलं मला आठवत नाही. मी नळ्या लावल्या, काचा केल्या. पल्लवीच्या तीन, मातीच्या सहा. प्रत्येक काच एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, नांगर चालवतात तशी, ओळीने बघितली. दोन तास गेले. एकदा तिने उठून माठातलं पाणी घेतलं, आणि एक पेला भरून माझ्या कोपराशी ठेवला.

शेवटी मी सांगितलं, काही दिसलं नाही. पोरीतही नाही, मातीतही नाही.

ती म्हणाली, “लिहून द्या.”

मातीच्या तपासणीचा आमच्याकडे छापील कागदच नव्हता. मी कोरा कागद घेतला. आता आमच्या धंद्यात एक शिस्त असते. आम्ही ‘नाहीत’ असं कधी लिहीत नाही, ‘आढळली नाहीत’ असं लिहितो. थेंबभर पाण्यात दिसलं नाही म्हणजे आख्ख्या शेतात नाही असं होत नाही. जंताची अंडी मातीत वर्षानुवर्षं टिकतात. मी तसंच लिहिलं आणि तिला वाचून दाखवलं. चौथीपर्यंत शिकलेली बाई, पण तिने शब्द बरोबर पकडला.

“आढळली नाहीत म्हंजे काय? हायेत का नाहीत?”

मी समजावून सांगू लागले. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, “मंग हायेत हे काऊन इतकं लवकर सांगतलं होतं?”

मी कागद फाडला आणि दुसरा घेतला. त्यावर तिचं नाव लिहिलं, सांदवाडीची माती असं लिहिलं, आणि खाली लिहिलं, ‘जंताची अंडी नाहीत.’ सही केली, केंद्राचा शिक्का मारला. मला तो मारायचा अधिकार नव्हता. तीस वर्षांत मी डोळ्यांनी पाहिलं त्याहून जास्त लिहिलं ते एवढंच, आणि ते बरोबर केलं की चूक, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

सुनीताने कागद दोनदा वाचला, घडी घालून ब्लाउजमध्ये ठेवला आणि रिकाम्या डब्या उचलल्या. दारात थांबून म्हणाली, “पल्लवीले तुमी कुठं जाणार ते सांगून ठेवा. विचारत राहते.” मग “येतो जी” म्हणून ती गेली.

त्या कागदाचं पुढे काय झालं ते मला माहीत नाही. ती गावच्या बाजारात पुन्हा बसली का, कोणी तो वाचला का, कोणी मानला का, काही कळलं नाही. मी आता गोंदियात एका खोलीत राहते. पल्लवीला पत्ता लिहून दिला होता.